खलबत्ता उचलला तेव्हा

हज करून आलेल्या म्हाताऱ्या दौलत हाज्जाच्या हातचा पितळी खलबत्ता वाजला नाही, तर बाळाचा सातवा दिवस झालाच नाही असं आमच्या गावात मानतात. बाळाला चाळणीत घालून माडीवर, फळ्यांच्या जमिनीवर ठेवायचं, भोवती मीठ उधळायचं, आईनं चाळण ओलांडायची आणि बाळाच्या कानाशी खलबत्ता बडवत हाज्जानं ओरडायचं, "आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस! आजीचं ऐक, आत्याचं ऐकू नकोस!" अशी सगळ्या गोतावळ्याची उणीदुणी निघतात. बायका खिदळतात, पोरं मेणबत्त्या घेऊन फेर धरतात. बाळ दचकलं की हाज्जा जाहीर करते, "कान शाबूत आहेत हो!" आणि त्यावर कोणी शंका घ्यायची नसते.

मी इन्साफ. गावातल्या विशेष मुलांच्या केंद्रात शिकवते. माझं तोंड फटकळ आहे, हे मी सांगायची गरज नाही, लोक सांगतातच. ही गोष्ट सांगताना मी थोडी फुशारकीही मारणार आहे. आम्ही जिंकलो आहोत आणि जिंकल्यावर गप्प बसायची आमच्याकडे पद्धत नाही.

सिद्रा ही हाज्जाची नात. तिचा बाप रगब दूर समुद्रकाठच्या हॉटेलात स्वयंपाकी आहे, वर्षातून दोनदा घरी येतो. आई साब्रीन, फार कमी बोलणारी. घरात आणखी एक माणूस, हाज्जाचा थोरला मुलगा वगीह. हा गावातला सगळ्यात चांगला सुतार, आणि ठार बहिरा. दोन वर्षांचा असताना ताप आला आणि तापानं कान नेले, असं हाज्जा सांगते. मोठा झाल्यावर त्याला शहरातल्या बहिऱ्या मुलांच्या वसतिशाळेत घातलं. तिथून तो हातात कसब आणि हातांची भाषा घेऊन परत आला, पण घरात ती भाषा कोणाला येत नव्हती. जेव, झोप, दार दुरुस्त कर, एवढ्यावर भागायचं. धाकटा रगब थोडंफार शिकला होता, तो नोकरीला निघून गेला. वगीहला हाक मारायची तर घरातले लोक जमिनीवर पाय आपटतात. तो वळून बघतो आणि भुवया उडवतो, म्हणजे काय हवंय.

सिद्रा चारेक महिन्यांची असताना मी एकदा त्यांच्याकडे पातेलं परत द्यायला गेले. पोर अंगणात सावलीला झोपली होती. तेवढ्यात घरामागून ऊस वाहणारी आगगाडी शिट्टी फुंकत गेली. कोंबड्या फडफडल्या, माझ्या हातातलं पातेलं पडता पडता वाचलं. सिद्राची पापणीसुद्धा हलली नाही. मी तिच्या डोक्यामागे उभी राहून टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. मग साब्रीनकडे बघितलं, तर तिचे डोळे भरून आलेले.

"मला माहीत आहे, बाई," ती हळूच म्हणाली. "मी मागून हाक मारते. मी दिसले की हसते. नाही दिसले तर मी या घरात नसल्यासारखीच."

"मग कोणाला बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू? आई म्हणतात, खलबत्त्याला दचकली होती."

मी तडक आत गेले. हाज्जा शेजारणींच्या घोळक्यात भाकरीचं पीठ मळत होती. मी सरळ सांगितलं, नातीचे कान तपासून घ्या, शहरातल्या इस्पितळात झोपेत तारा लावून तपासतात, दुखत नाही काही. हाज्जानं पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवले.

"ऐकलंत का बायांनो! माझ्या नातीला बहिरी म्हणते ही. अगं, मी स्वतः वाजवला खलबत्ता. अशी दचकली, की चाळणीतून बाहेर पडायची!"

"हाज्जा, वगीहसुद्धा..."

"वगीहचं नाव काढू नकोस. तोही दचकला होता. त्याला तापानं खाल्लं. तू तेव्हा जन्मली तरी होतीस का?"

"नव्हते. पण आता आहे ना!"

"आहेस, तेच तर दुःख आहे," हाज्जा म्हणाली आणि पुन्हा पिठाला भिडली.

मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. केंद्रात माझ्याकडे मुलं येतात ती चार वर्षांची होऊन, कधी पाच. ऐकायला शिकायचं वय तोवर निघून गेलेलं असतं. मग कानाला कितीही चांगलं यंत्र लावा, त्या मुलाला शब्द ऐकू येत नाहीत, नुसता गलका ऐकू येतो. मी दिवसभर घसा फोडायचा आणि आयांनी दाराबाहेर बसून वाट बघायची. सिद्राकडे अजून वेळ होता. तो वेळ एक म्हातारी पिठासारखा तुडवत होती. साब्रीननं नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, आई म्हणेल तसं कर. मला फोनमध्ये हात घालून त्याचा कान पिरगळावासा वाटला.

मी रोज जात राहिले. हाज्जा रोज मला चहा पाजून हाकलत राहिली.

मग बेकरीवाल्याच्या घरी मुलगा झाला. सातव्या दिवशी माडीवर सगळी गल्ली लोटली. हाज्जा मानानं मधोमध बसली, समोर चाळण, चाळणीशेजारी जमिनीवर खलबत्ता. साब्रीननं सिद्राला चटईवर सोडलं होतं. दाराची बिजागरी निखळली होती म्हणून वगीहलाही बोलावलेलं. तो आमच्याकडे पाठ करून, उकिडवा बसून, अनवाणी पायांनी दाराशी काम करत होता.

हाज्जानं खलबत्ता बडवायला सुरुवात केली. बाळानं टाहो फोडला. आणि चटईवरच्या सिद्रानं दोन्ही हात हवेत उडवले.

"बघितलंस?" हाज्जा विजयानं ओरडली. "बघितलंस इन्साफ? आता सांग कोण बहिरं ते! तुझेच कान तपास जा!"

सगळ्या बायका हसल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझी नजर दाराकडे गेली. वगीह वळला होता. हातात स्क्रू, नजर आईकडे, भुवया वर. काय हवंय?

बायका आणखी हसल्या. हाज्जानंही हसत हात हलवला, काही नाही, तुझं तू कर. आणि तो हात तसाच हवेत राहिला. तिनं वगीहकडे बघितलं. मग खलबत्त्याकडे. मग खालच्या फळ्यांकडे.

मला तर हे आधीच कळायला हवं होतं. माझ्या वर्गातल्या बहिऱ्या पोरांना मी पाय आपटून, जमिनीच्या हादऱ्यानंच तर बोलावते.

"हाज्जा, खलबत्ता उचला," मी म्हटलं.

"काय?"

"जमिनीवरून उचला. डाव्या हातात धरा आणि वाजवा."

"जड आहे तो. मनगट मोडेल माझं."

"मग मी धरते, तुम्ही वाजवा."

"हात लावशील तर बघ!" असं म्हणून तिनं दोन्ही गुडघे टेकले, खलबत्ता छातीशी उचलला आणि बडवला. हातातलं पितळ जमिनीवरच्यापेक्षा दुप्पट घुमलं. बायकांनी कानांवर हात ठेवले. बेकरीवाल्याचं पोर किंचाळून निळं पडायला आलं. वगीह शांतपणे स्क्रू पिळत होता. सिद्रा चटईची झालर चोखत होती.

हाज्जा गुडघ्यांवर सरकत सिद्राच्या पाठीमागे गेली आणि पुन्हा वाजवला. जीव खाऊन वाजवला. सिद्रानं झालर तोंडातून काढली, नीट निरखली आणि परत तोंडात घातली.

आता कोणी हसत नव्हतं. हाज्जानं खलबत्ता मांडीवर ठेवला.

"तापानं काही नेलंच नव्हतं," ती म्हणाली. "न्यायला होतंच काय? आणि मी त्याला हाका मारत राहिले. ऐकत नाही म्हणून मारलंसुद्धा."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं ओढणीच्या टोकानं नाक पुसलं आणि आवाज चढवला.

"साब्रीन, ऊठ. पोरीचे कपडे भर. उद्या पहाटे शहरात जायचंय."

"आई, पण यांना विचारून..."

"मी त्याला जन्म दिलाय, त्यानं मला नाही!"

"आणि माझ्या बाळाचं काय?" बेकरीवाल्याची बायको रडवेली होऊन म्हणाली. "कार्यक्रम अर्धाच राहिला!"

"तुझ्या बाळाला सगळं ऐकू येतं आणि त्याचं सगळ्या गल्लीला ऐकू येतं. काय काळजी करतेस? आण ते मिठाईचं ताट इकडे."

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पुन्हा तपासलं. दोन्ही कानांना फारच कमी ऐकू येत होतं, पण अगदी काहीच नाही असं नव्हतं. "फार लवकर आणलंत," त्या म्हणाल्या. हाज्जाला वाटलं, ओरडतायत. ती म्हणाली, "मग परत कधी आणू?" डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो, शाबासकी देतेय. माझ्याकडे लोक येतात ते मुलाची शाळा सुरू व्हायच्या वेळी." हाज्जानं ती शाबासकी गावभर आपल्या एकटीच्या नावावर खपवली. मी खपवू दिली.

कानातली यंत्रं मिळेपर्यंत हाज्जानं विमा कचेरीतल्या माणसांच्या नाकी नऊ आणले. ती मिळाल्यावर सिद्रानं आमच्या नाकी नऊ आणले. ती यंत्रं ओढून काढायची, चोखायची, एकदा तर बदकांच्या पाण्यात टाकली. हाज्जानं तिला कानटोपी शिवली आणि यंत्रांना नाड्या बांधून नाड्या टोपीला टाचल्या. पोर वाढायची तसे कानातले साचे सैल व्हायचे आणि यंत्र शिट्टी घालायचं. "हाज्जा, नातीच्या डोक्यात चहा उकळतोय का?" शेजारणी विचारायच्या. "हो, पण तुला मिळणार नाही," हाज्जा म्हणायची आणि आम्ही नवे साचे घ्यायला शहरात जायचो.

केंद्र सुटलं की मी त्यांच्या घरी. माझं सांगणं एकच, बोला. जवळ बसून बोला. दार वाजलं तर आधी कानाला बोट लावून दाखवा आणि मग दार उघडा. भाजी निवडताना बोला, अंघोळ घालताना बोला.

"मी काय बोलू, बाई? मला सुचतच नाही," साब्रीन म्हणायची.

"बोलायचंच आहे ना? मग सरक तिकडे," हाज्जा म्हणाली आणि सिद्राला मांडीवर घेऊन तिनं शेजारणीच्या बहिणीच्या मोडलेल्या लग्नाची हकिगत सुरुवातीपासून सांगायला घेतली. साब्रीनला त्यातल्या निम्म्या गोष्टी खोट्या वाटल्या म्हणून तीही बोलायला लागली. हळूहळू त्या घरात दोघी एकमेकींना तोडून बोलायच्या आणि सिद्रा मान इकडून तिकडे फिरवायची. मान फिरवायची! आवाजाच्या दिशेनं! पहिल्यांदा ते बघितलं, तेव्हा मी घरी जाऊन एकटीच नाचले.

वगीह काका संध्याकाळी तिला हातांची भाषा शिकवायचा. कोणीतरी मला म्हणालं, हात शिकली तर जीभ आळशी होईल. मी म्हटलं, एकही भाषा मिळणार नव्हती त्या पोरीला दोन मिळतायत, तुमच्या का पोटात दुखतंय? मग हाज्जाही रोज तिच्या शेजारी बसायला लागली. आपल्या म्हाताऱ्या बोटांनी ती मुलाची भाषा शिकत होती. तिची बोटं अडखळली की वगीह हसायचा आणि तिचा हात हातात घेऊन नीट करून द्यायचा.

पण मी एकटी किती घरं फिरणार? हाज्जाला आता नवाच नाद लागला होता. प्रत्येक सातव्या दिवशी ती खलबत्ता उचलून वाजवायची आणि नंतरही त्या घरी चकरा मारायची. बाळ मान धरतंय का, नजर लावतंय का, अंग फार सैल तर नाही ना. "खलबत्त्यानं निकाल लागत नाही, हाज्जा," मी तिला बजावलं होतं. "दचकलं तरी तपासायचं आणि नाही दचकलं तरी तपासायचं." ती सगळ्यांना इस्पितळात धाडायची आणि परत आल्यावर माझ्याकडे. माझ्याकडे मात्र त्यांना ठेवायला जागा नव्हती. आमच्या केंद्राचे प्रमुख उस्ताद फायेज चार वर्षांखालचं मूल घेत नसत.

"इन्साफबाई, हे केंद्र आहे, पाळणाघर नाही," ते म्हणायचे. "मुलाला बाकावर बसता आलं पाहिजे. नियम आहे."

हे मी हाज्जाला सांगितलं. तिनं फक्त "बाकावर होय?" एवढंच विचारलं.

एका सकाळी मी केंद्रात पोचले, तर अंगणात बाकांची रास. आत वगीह शेवटच्या बाकाचे स्क्रू काढत होता. हाज्जा चटया अंथरत होती आणि दारातून एकेक बाई आत येत होती. कोणाच्या कडेवर मान न धरणारं बाळ, कोणाच्या पाठीवर सगळ्या अंगानं ताठलेली मुलगी, कोणाच्या कुशीत डाउन सिंड्रोमचं नुकतंच निदान झालेलं गोल चेहऱ्याचं गोंडस पोर. त्यातल्या कित्येक आया एकाच गल्लीतल्या होत्या आणि एकमेकींपासून आपली मुलं लपवत होत्या. त्या एकमेकींना बघून थबकल्या. मग एकीनं दुसरीचं बाळ घेतलं आणि एकदम गप्पा सुरू झाल्या.

उस्ताद फायेज धावत आले. "हे काय? कोणाच्या परवानगीनं?"

"तुझ्याच," हाज्जा म्हणाली. "बाकावर बसता येत नाही अशांना घेत नाहीस ना? म्हणून बाकच काढला. आता सगळे सारखे."

"हाज्जा, नियम असा मोडता येत नाही!"

"मोडला कुठे? एकेक स्क्रू जपून काढलाय माझ्या मुलानं. हवा तेव्हा परत लाव. तुझाही सातवा दिवस मीच केलाय फायेज, चाळणीत काय केलं होतंस ते सांगू का इथे?"

बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. फायेज लाल झाले. ते वाईट माणूस नाहीत, नुसते घाबरट आहेत. त्यांनी एकदा त्या चटयांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ताठलेल्या मुलीच्या आईनं विचारलं, "साहेब, हिची चार वर्षं पूर्ण व्हायची मी घरी वाट बघत बसू?" फायेज दारातून बाजूला झाले.

"निदान चपला तरी बाहेर काढा," ते शेवटी म्हणाले.

त्या खोलीत आज पाय ठेवायला जागा नसते. व्यायाम शिकवणारी मुलगी येते, आयांना खाऊ घालायचं, उचलायचं, खेळवायचं शिकवलं जातं. वरिष्ठांना पत्र लिहून ती खोली कायमची करून घेतली ती उस्ताद फायेजनीच. आता दुसऱ्या गावची माणसं ती बघायला येतात आणि ते पुढे होऊन दाखवतात, जणू बाक त्यांनीच काढले. मी काही बोलत नाही. बरं, थोडं बोलते.

आणि सिद्रा? पाचवं वर्ष सरताना तिच्या नावाची नोंद गावच्या साध्या शाळेत झाली, शेजारपाजारच्या पोरांबरोबर. तिचं बोलणं थोडं नाकात आहे, आणि ते थांबतच नाही. पण आम्ही जिंकलो याची मला खरी खात्री पटली ती ईदच्या आधीच्या एका संध्याकाळी.

आम्ही सगळे हाज्जाच्या अंगणात पालेभाजी निवडत होतो. रगबचा फोन आला. तो नेहमी चित्राचाच फोन करायचा, म्हणजे मुलीला ओठ दिसतील आणि भावाला हात दिसतील. सिद्रा शाळेची हकिगत सांगत होती. मध्येच चित्र थिजलं आणि पडदा काळा झाला. "गेला," असं म्हणत साब्रीन फोन बंद करायला वाकली.

"थांब आई! बाबा बोलतायत!"

सिद्रानं फोन उचलून कानातल्या यंत्राला लावला. आम्हाला नुसती खरखर ऐकू येत होती. ती मात्र काळ्या पडद्याशी बोलत होती. "हो... नाही बाबा, आजी खोटं सांगते, मी नाही तोडली फांदी... काय? परत सांगा... काकाला? सांगते."

तिनं वगीहची बाही ओढली आणि फोन मानेत धरून दोन्ही हातांनी त्याला सांगायला लागली. हाज्जा तिच्या हातांवरून एकेक शब्द मोठ्यानं वाचत होती. रगब कायमचा घरी येतोय. तामिया, म्हणजे वालाचे वडे, तळायची गाडी टाकणार आहे. गाडी दादाच्याच हातची हवी.

वगीह बघत राहिला. मग त्याचे हात झपाट्यानं हलले आणि सिद्रा खळखळून हसली.

"बाबा, काका म्हणतो, गाडी करून देईन, पण तुझी तामिया खाणार नाही. तू मीठ फार घालतोस." मग ऐकून, काकाकडे वळून, हातांनी, "बाबा म्हणतात, तुला चवच कळत नाही." परत फोनमध्ये, "काका म्हणतो, मला चव कळते, म्हणूनच तर!"

दोघे भाऊ भांडत होते. एकमेकांचं तोंड न दिसता, मैलोन्‌मैल दूर राहून, आयुष्यात पहिल्यांदा फोनवर भांडत होते. आणि मध्ये ती चिमुरडी बसून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत होती. साब्रीन ओक्साबोक्शी रडत होती. मीही रडत होते, कशाला लपवू? हाज्जा ताडकन उठली, ओढणी मागे सारली आणि लग्नात घालतात तसा जिभेचा लांब, तीक्ष्ण ललकार घातला. एक झाला, दुसरा झाला. गल्लीतल्या खिडक्या उघडायला लागल्या. तिचा तिसरा सुरू झाला, तशी सिद्रानं वैतागून दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"आजी, गप्प बस ना! मला बाबांचं ऐकू येत नाहीये!"